‘नाद करायचा नाय’: एका सायलेन्सरची समीक्षा

(हिंगोली येथील व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे.)



आजचा विषय फळ्यावर वाचून मागच्या ओळीतली तरुण मुले हसली आणि पुढच्या ओळीतले आमचे समवयस्क जरा सावरून बसले. दोन्ही आम्हाला मान्य आहे. आयुष्यभर कांट आणि न्यायदर्शन शिकवलेल्या माणसाने गाडीच्या सायलेन्सरवर तासभर बोलावे, हे विचित्रच. पण समीक्षा म्हणजे तरी काय? अमुक गोष्ट चांगली, तमुक वाईट असे म्हणताना आपण नेमके काय म्हणतो आहोत, ते तपासणे. आपल्या हिंगोलीत वर्षाला नाटके किती होतात? चित्रप्रदर्शने किती? बोटावर मोजा, बोटे उरतील. मात्र आवाजाची मैफल रोज संध्याकाळी रस्त्यावर भरते, आणि तिला तिकीट नाही, दरवाजाही नाही. जी गोष्ट रोज आपल्या कानावर येऊन आदळते तिची समीक्षा कुणी करत नाही. एक तर तक्रार होते, नाहीतर रील होते.

आधी शब्द घेऊ. गाडीच्या ज्या नळकांड्यातून धूर बाहेर पडतो त्याला आपण ‘सायलेन्सर’ म्हणतो. इंग्रजांचा शब्द. अमेरिकेत त्याला मफलर म्हणतात, गळ्यात गुंडाळतो तोच. दोन्ही शब्दांत काम एकच सांगितले आहे: तोंड बंद करणे. आणि आज आपल्या बाजारात ‘सर, आवाजवाला सायलेन्सर आहे का?’ असे विचारले जाते. आवाज करणारा शांतक! ‘वांझेचा पुत्र’ हे आम्ही वर्गात वदतोव्याघाताचे उदाहरण म्हणून द्यायचो. आता हे द्यावे लागेल.

या शब्दामागे एक घराणे आहे. हायरम मॅक्सिम हे मशीनगनचे जनक. आयुष्यभर त्या तोफखान्याच्या शेजारी राहून म्हातारपणी ते जवळजवळ बहिरे झाले. त्यांचा मुलगा हायरम पर्सी मॅक्सिम याने 1909 मध्ये बंदुकीच्या सायलेन्सरचे पेटंट घेतले, आणि इंजिनांसाठीही शांतक तयार केले. बापाने केलेला आवाज मुलाने मिटवायला घेतला. आपल्याकडे सध्या उलट चालले आहे. बापाने शोरूममधून शांत गाडी आणून द्यायची, आणि मुलाने ती बोलकी करायची. (हशा)

आता मुळावर येतो. आमच्या शेजारचा मुलगा पुण्यात इंजिनिअर आहे. त्याने दोन वर्षांपूर्वी एक जुनी जर्मन हॅचबॅक घेतली, टर्बो इंजिनाची. तो तिला स्पोर्ट्स कार म्हणतो. खरी स्पोर्ट्स कार हिंगोलीत आणली तर पहिल्याच स्पीडब्रेकरवर तिचे पोट टेकेल, त्यामुळे आम्ही हा शब्द ताणून घेतो. दिवाळीच्या सुटीत तो म्हणाला, “सर, चला ना, एक्झॉस्ट बसवायचाय, बघा तरी एकदा.” आम्ही गेलो. आम्हाला त्या दिवशी दुसरे काम नव्हते, हे कबूल.

चार तास आम्ही खुर्ची टाकून बसलो, आणि खरे सांगतो, इतके लक्ष देऊन कुणी काम करताना पुष्कळ दिवसांत पाहिले नव्हते. गाडी वर उचलली. मेस्त्रींनी आधी प्रत्येक नटावर तेल मारले आणि वाट पाहिली. गंजलेल्या नटाला घाई केली की तो तुटतो. मग मागचा डबा रबराच्या हँगरमधून सोडवला, मधला रेझोनेटर काढला. जुना पाइप जमिनीवर ठेवला तेव्हा पहिल्यांदा कळले की हे सगळे मिळून एक लांबलचक वाद्य आहे. इंजिनाशी एक टोक, बंपरखाली दुसरे, आणि मध्ये फुगवटे, वळणे, खोल्या.

त्या खोल्यांचे काम समजून घेण्यासारखे आहे. इंजिनाचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो तेव्हा जळलेला वायू हळूहळू वाहत बाहेर येत नाही, तो ठोक्याने येतो. प्रत्येक स्फोटाचा एक ठोका. डब्याच्या आत जाळीदार नळी असते, तिच्याभोवती काचलोकर. ती ठोक्याची धार शोषून घेते. काही डब्यांत पडदे असतात, म्हणजे बॅफल, ते ठोक्याला वळवून त्याच्याच अंगावर घालतात, आणि लाट लाटेला मारते. रेझोनेटर तर एका विशिष्ट घुमण्यासाठीच बनवलेला असतो. महामार्गावर ठरावीक वेगाला कानात जी घूं घूं बसते, ती खाण्यासाठी. आपल्या मेस्त्रींच्या भाषेत हे सगळे मिळून ‘जाळी’. ‘जाळी काढून टाकली’ म्हटले की सगळ्यांना कळते.

नव्या संचात काय होते? स्टेनलेस स्टीलचे सलग वळवलेले पाइप, वळणावर कुठेही न चेपलेले, आणि शेवटी सरळ नळीचा एक डबा. जोड आर्गन वेल्डिंगचे. ते वेल्डिंग पाहून आम्हाला जुन्या सोनारांची आठवण आली. खवल्यांवर खवले बसावेत तशी ती शिवण. मेस्त्रींनी विचारले, “पुढचं पण काढायचं का? पिकअप त्याच्यातच हाय खरा.”

इथे जरा थांबू या, कारण खरी गोम या प्रश्नात आहे. टर्बो गाडीत टर्बोच्या लगेच पुढे डाऊनपाइप असतो आणि त्यात कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसवलेला असतो: प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम अशा महाग धातूंचा लेप दिलेली जाळी. कार्बन मोनॉक्साइड आणि नायट्रोजनची विषारी ऑक्साइड ती बऱ्याच अंशी निरुपद्रवी करते. ती काढली तर टर्बोला खरोखर मोकळे वाटते. त्याची चक्की लवकर फिरू लागते, आणि इंजिनाच्या संगणकाची मांडणी बदलली तर ताकदही वाढते. मात्र कन्व्हर्टरच्या पलीकडे एक ऑक्सिजन सेन्सर बसलेला असतो. जाळी गायब झाली हे तो ओळखतो आणि डॅशबोर्डवर दिवा लावतो. मग त्या सेन्सरखाली एक छोटी नळी बसवतात, स्पेसर; तो धुराच्या झोतापासून जरा दूर जातो आणि सगळे ठीक आहे असे सांगू लागतो. गाडीला खोटे बोलायला शिकवण्याची ही रीत. 2015 च्या सप्टेंबरात फोक्सवॅगनने कबूल केले होते की त्यांच्या डिझेल गाड्या चाचणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरत्या स्वच्छ वागत. ते कंपनीने सॉफ्टवेअरने केले, इथे एका नळीने होते.

मुलगा म्हणाला, “नको, कॅट राहू द्या.” का, ते आम्ही विचारले नाही. त्याच्या घरात आजी आहे, मागच्याच वर्षी नांदेडला तिची अँजिओप्लास्टी झाली. कदाचित पीयूसीची भीती असेल, कदाचित आजी असेल. एवढे मात्र झाले की ताकद देणारा भाग तसाच राहिला आणि मागचा डबा व रेझोनेटर तेवढे बदलले. म्हणजे बदलला तो फक्त आवाज.

गाडी खाली उतरवली, चावी फिरवली. आम्हाला तो आवाज आवडला.

हे आज इथे कबूल करणे भाग आहे, नाहीतर ही समीक्षा लबाड होईल. खर्जातला, भरलेला, कडेला किंचित खरखर असलेला आवाज होता तो. चक्कर मारायला निघालो तर आम्ही म्हणालो, “अरे, ऐंशीच्या वर नको नेऊस.” त्याने काटा दाखवला. साठ होते. मुलगा म्हणत होता, पिकअप वाढला, आणि तो खोटे बोलत नव्हता. आमच्या पाठीलाही तसेच वाटत होते. कान वेग मोजू लागला की असे होते.

आता थोडे मागे जाऊ. एक्झॉस्टचा आवाज आणि गाडीची ताकद यांचे लग्न एके काळी खरे होते, म्हणून तर हा मोह इतका जुना. व्हॉल्व्हमधून सुटलेला ठोका पाइपच्या टोकाशी पोचला की त्याचा काही भाग परत फिरतो. उघड्या टोकाशी दाबाची लाट उलटी होते, पोकळी होऊन परत येते. ही पोकळी नेमक्या क्षणी व्हॉल्व्हपाशी पोचली तर उरलासुरला जळका वायू ओढून काढते, ताज्या मिश्रणाला जागा होते. नेमका क्षण म्हणजे पाइपची नेमकी लांबी. बासरी करणारा बांबू कापताना जे करतो तेच हे काम. फरक एवढाच की इथे हवा तापलेली असते आणि त्यामुळे आवाज आपल्या खोलीतल्यापेक्षा कितीतरी वेगाने पळतो. ‘पाइप मोकळा केला की पिकअप वाढतो’ हा जो आपल्या चौकातला सिद्धान्त आहे, तो म्हणूनच अर्धवट आहे. बासरी फोडून मोकळी केली तर ती जास्त वाजत नाही.

टू-स्ट्रोक गाड्यांत तर हे शास्त्र टोकाला गेले. तिथे व्हॉल्व्हच नाही. ताजे पेट्रोल-हवेचे मिश्रण जळक्या वायूबरोबर निसटून जायचे. पूर्व जर्मनीत एमझेड कारखान्यात वॉल्टर काडेन या अभियंत्याने पोटाशी फुगलेला आणि पुढे निमुळता होणारा पाइप असा काही जमवला की परत येणारी लाट निसटलेले मिश्रण पुन्हा सिलिंडरात ढकलायची. गरीब देशाचा गरीब कारखाना, पण त्यांच्या मोटरसायकली जगाला मागे टाकू लागल्या. मग 1961 च्या सप्टेंबरात, बर्लिनची भिंत उभी राहून जेमतेम महिना उलटला होता, त्यांचा शर्यतपटू अर्न्स्ट डेगनर स्वीडनमधल्या शर्यतीतून पळाला. त्याची बायकामुले गाडीच्या डिकीत लपवून पश्चिमेला आणली होती. त्याने ती विद्या जपानला सुझुकीकडे नेली, आणि पुढच्याच वर्षी, 1962 मध्ये, सुझुकीवर बसून 50 सीसीचे जगज्जेतेपद घेतले. विचार करा, एका धुराड्याच्या आकारासाठी माणूस देश सोडतो. हिंगोलीत आजही जी आरएक्स हंड्रेड लोक जिवापाड जपतात, यामाहाची, 1985 साली आलेली, 1996 मध्ये बंद झालेली, तिच्या आवाजात या विद्येची दूरची नात बोलते. तो आवाज कामाचा होता. पाइप बरोबर असेल तेव्हाच तो तसा येई, आणि बिघडला की कान आधी सांगे. आमच्या राजदूतचे मेस्त्री तर दुकानात पाठ करून बसलेले असत, आणि गाडी वळणावर असतानाच म्हणत, “सायलेन्सर चोंदला बघा.” मग तो काढून आगीवर धरायचा, कार्बन जाळायचा.

एकदा असे साफ करताना आम्ही बॅफल आठ दिवस परत बसवले नाही. विसरलो, असे घरी सांगितले. विसरलो नव्हतो. नवी नोकरी होती, गावात कुणी ओळखत नव्हते, आणि आम्ही आलो की लोक खिडकीत येत. हे पहिल्यांदाच जाहीरपणे सांगतो आहोत.

तर मुद्दा असा की, कामातून निघणारा आवाज एका टप्प्यावर कामापासून सुटा झाला आणि स्वतंत्र विकला जाऊ लागला. फॉर्म्युला वन घ्या. ग्रेटर नोएडात 2011 ते 2013 या तीन वर्षी शर्यती झाल्या तेव्हा गाड्यांना आठ सिलिंडरांची इंजिने होती, कर्कश. 2014 मध्ये नियम बदलले, सहा सिलिंडरांची टर्बो-हायब्रिड इंजिने आली. गाड्या कमी इंधनात तोडीस तोड पळू लागल्या, आणि प्रेक्षक रुसले: आवाज गेला! त्याच वर्षी मर्सिडीजने बार्सिलोनाच्या चाचणीत एक्झॉस्टच्या टोकाला चक्क कर्णा लावून पाहिला. काही जमले नाही. पुढे 2016 मध्ये, मुख्यतः आवाज वाढावा म्हणून, टर्बोच्या वेस्टगेटला वेगळी नळी देण्याचा नियम झाला. रस्त्यावरच्या गाड्यांत बीएमडब्ल्यूने एम फाइव्हच्या आत स्पीकरमधून इंजिनाचा आवाज ऐकवला. आणि अबार्थने 2023 मध्ये विजेवरची छोटी गाडी आणली, जिला एक्झॉस्टच नाही, तर तिच्या बाहेर स्पीकर बसवून पेट्रोल इंजिनासारखी गुरगुर सोडली. अग्नी नाही, धूर नाही, गुरगुर आहे. आमच्या न्यायशास्त्रात ‘पर्वतो वह्निमान् धूमात्’ हे अनुमानाचे नेहमीचे उदाहरण: धूर दिसतो म्हणून डोंगरावर आग आहे. आता धुराशिवाय आवाज आणि आवाजावरून आगीचे अनुमान. हा हेत्वाभास कंपनी हप्त्याने देते.

आपल्या बुलेटचेही तेच झाले. बुलेटच्या आवाजाला आपण ‘फायरिंग’ म्हणतो. जुन्या ओतीव लोखंडी इंजिनाची ती संथ धडधड त्याच्या जड चाकातून आणि सैल बांधणीतून यायची. नवी इंजिने आली, जास्त भरवशाची, तेलाचा थेंब न गाळणारी, आणि लोक म्हणाले, मजा गेली. ती मजा परत आणण्यासाठी सायलेन्सर बदलू लागले. इथवर आम्हाला सहानुभूती आहे. जुन्या घड्याळाची टिकटिक हवीशी वाटते त्यातला प्रकार. पण पुढे ‘फटाके’ आले. चालत्या गाडीची चावी क्षणभर बंद करून परत चालू करायची. न जळलेले पेट्रोल तापलेल्या पाइपात जाऊन फुटते आणि बंदुकीसारखा बार होतो. यात जुनी आठवण नाही, चालवण्याचा आनंद नाही, इंजिनाचे तर नुकसानच. समीक्षक म्हणून आमचा निकाल स्वच्छ आहे: वाईट काम. संथ धडधड ही लय आहे. फटाक्याला आधी काही नाही, नंतर काही नाही. त्याला फक्त दचकणारा माणूस लागतो.

मग त्या हॅचबॅकचा आवाज? तो आम्हाला आवडला होता. कांटने स्वायत्त आणि परायत्त सौंदर्य असा भेद केला, रा. भा. पाटणकरांच्या ‘सौंदर्यमीमांसे’त मराठी वाचकाने तो सविस्तर वाचलेला असेल. फुलाचे सौंदर्य कशासाठी म्हणून नसते. घोड्याचे, इमारतीचे सौंदर्य ‘हे कशासाठी आहे’ या कल्पनेला बांधलेले असते. गाडीचा आवाज नुसता नाद म्हणून ऐकला तर सुंदर असू शकतो. ‘ही गाडी अशी पळते’ असे सांगणारा म्हणून ऐकला, तर तो खरे बोलतो का हे विचारावेच लागते. त्या दिवशी साठला ऐंशी म्हणणारा आवाज पहिल्या अर्थाने उत्तीर्ण झाला आणि दुसऱ्या अर्थाने नापास. दोन्ही गुण एकाच पेपरात द्यावे लागतात, तपासणाऱ्याची अडचण ती.

कांटला दुसरीही एक चिंता होती आणि ती आपल्या विषयाला जास्त जवळची. संगीतात सभ्यतेची उणीव आहे, अशी त्याची तक्रार. चित्र नको असेल तर माणूस मान वळवतो; आवाज शेजाऱ्यापर्यंत न विचारता जातो, अत्तराच्या रुमालासारखा. त्याला शेजारच्या तुरुंगातल्या कैद्यांच्या प्रार्थनागीतांचा इतका त्रास होई की त्याने महापौरांना पत्र लिहिले. शोपेनहॉवरने तर चाबकाच्या कडकडाटावर निबंध लिहिला. आणि दाराशी गलबला करते म्हणून एका शिवणकाम करणाऱ्या बाईला त्याने ढकलले, ती पडली, आणि ती जिवंत असेपर्यंत त्याला तिला पैसे द्यावे लागले. वीसेक वर्षे. तत्त्वज्ञांचे कान नाजूक असतात आणि त्यांचा न्यायही कधीकधी कच्चा, हे लक्षात ठेवूनच आमचेही ऐका.

आपल्या परंपरेत शब्द हा आकाशाचा गुण. तो पसरतो कसा? एक मत म्हणते पाण्यातल्या तरंगासारखा, दुसरे म्हणते कदंबाच्या फुलासारखा, एकदम सर्व दिशांना. सायलेन्सरचा आवाज कदंबमुकुल न्यायाने जातो. चालवणाऱ्याने तो एका मुलीसाठी किंवा एका मित्रासाठी केलेला असतो, आणि तो जातो दहावीची उजळणी करणाऱ्याकडे, झोळीतल्या बाळाकडे, अँजिओप्लास्टी झालेल्या आजीकडे. आपल्याच मराठवाड्यात, देवगिरीला यादव राजा सिंघणाच्या दरबारात, तेराव्या शतकात शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्यात नादाचे आहत आणि अनाहत असे दोन भेद येतात, आघाताने होणारा आणि आघाताविना. मराठीने त्या ‘नाद’ शब्दाला तिसरा अर्थ दिला: वेड, व्यसन. ‘त्याच्या नादी लागू नको.’ आणि गाड्यांच्या मागे लिहिलेले असते ‘नाद करायचा नाय’. लिहिणाऱ्याचा अर्थ असा की आमच्या वाटेला जाऊ नका. रात्री साडेअकराला आम्ही ते वाचतो तेव्हा तीच आमची विनंती असते. (हशा)

इथे कुणी म्हणेल, सर, तुम्ही म्हातारे झालात. शक्य आहे. म्हणून आपल्याच जिल्ह्यातली एक कथा आमच्याविरुद्ध साक्षीला उभी करतो. नरसीचे नामदेव महाराज औंढ्याला नागनाथासमोर कीर्तन करत होते. पूजेला अडथळा होतो म्हणून त्यांना तिथून उठवले. ते देवळाच्या मागे गेले, तिथे कीर्तन सुरू केले, आणि देऊळ फिरले, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. नंदी आजही देवळाच्या मागच्या अंगाला आहे, जाऊन पाहा. या कथेत ‘हा गोंगाट आहे, बंद करा’ म्हणणारे कोण होते? प्रतिष्ठित, सोवळे, समोरच्या दारावर हक्क असलेले. कुठला आवाज संगीत आणि कुठला उपद्रव, हे ठरवण्याचा अधिकार बहुधा अशाच लोकांकडे जातो. आज आम्ही व्यासपीठावर बसून एका मेस्त्रीच्या आणि एका पोराच्या आवाजाला नावे ठेवतो आहोत, तेव्हा आपण कोणत्या दारात उभे आहोत, हा प्रश्न आम्हाला रात्री सतावतो. मिरवणुकीतला डीजे छातीच्या फासळ्या हलवतो तेव्हा आपण वर्गणी देतो. नेत्याचा ताफा सायरन वाजवत जातो तेव्हा बाजूला होतो. आणि एकट्या पोराचा सायलेन्सर मात्र पोलीस काढून घेतात, रस्त्यावर ओळीने मांडतात आणि कॅमेऱ्यासमोर रोडरोलर फिरवतात. पुण्यात झाले, नागपुरात झाले. तोही एक प्रयोगच, प्रेक्षकांसाठी केलेला.

कायदा स्पष्ट आहे, त्याबद्दल गैरसमज नको. मोटार वाहन कायदा 1988, कलम 52: कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत मनाने बदल करता येत नाही, जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते ठामपणे सांगितले. नव्या मोटारीला 74 डेसिबलची मर्यादा, 175 सीसीच्या वरच्या दुचाकीला 80. आणि दर दहा डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दहापट होते, म्हणजे ‘थोडासाच वाढवला’ हे वाक्य गणितात बसत नाही. या मोजमापाचे काम करणारी एआरएआय ही संस्था पुण्यात ज्या टेकडीवर आहे, तिथे पुणेकर शांततेसाठी फिरायला जातात, हे आम्हाला फार आवडते.

पण नामदेवांच्या कथेत आणखी एक गोष्ट आहे. ते मागे गेले. आवाज त्यांनी कमी केला नाही, जागा मात्र सोडली. ज्याला ऐकायचे तो तिकडे वळला. त्या मुलाला आम्ही हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, “सर, मागं जायला जागा कुठंय? ट्रॅक तर आपल्याकडं नाहीच.” खरे आहे त्याचे. गाडीचा आवाज ऐकण्याची, ऐकवण्याची, पाइपची लांबी कमीजास्त करून पाहण्याची एक मोकळी जागा आपण कुठल्याच जिल्ह्यात ठेवलेली नाही. ज्या मेस्त्रींची ती वेल्डिंगची शिवण आम्ही पाहिली, त्यांना ही विद्या रीतसर शिकवणारे आणि विचारणारे कुणी नाही. जे आहे ते चोरून आणि चौकात.

आणि योगायोग पाहा. याच औंढ्याजवळ, दुधाळ्याला, लायगो-इंडियाची वेधशाळा उभी राहायची आहे. 2016 मध्ये तत्त्वतः मान्यता, एप्रिल 2023 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाची अंतिम मंजुरी, 2600 कोटींचा प्रकल्प. काटकोनात चार-चार किलोमीटरचे दोन बाहू, आणि त्यांच्या लांबीत प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहूनही लहान फरक पडला तर तो टिपायचा. अब्जावधी प्रकाशवर्षांवर दोन कृष्णविवरे एकमेकांवर आदळतात, त्याचा हेलकावा. त्यासाठी देशभर जागा पाहिल्या, आणि जमीन शांत, वर्दळ दूर म्हणून हा परिसर निवडला. आपल्याला मागास म्हणून हिणवणाऱ्यांना ही निवड ऐकवायला आम्हाला भारी मजा येते. वसमतकडे पांगरा शिंदेच्या भागात जमिनीखालून गूढ आवाज येतात, लोक घराबाहेर पळतात. मार्च 2024 मधला धक्का तर तुम्ही सगळ्यांनी अनुभवला. म्हणजे खालून जमीन बोलते, वरून आकाश ऐकायची तयारी चालू आहे, आणि मधल्या मजल्यावर आपण जाळी काढतो आहोत.

सुटी संपली. मुलगा पुण्याला निघणार होता, पहाटे पाचला. आम्हाला त्या वेळी जाग असतेच. आवाजाची वाट पाहत पडलो होतो. पाच वाजले, सव्वापाच झाले, काही नाही. दार उघडून पाहिले. गल्लीत दिवे बंद. मुलगा ड्रायव्हरच्या दाराशी, एक हात स्टेअरिंगवर, आणि मागे त्याचे वडील डिकीला खांदा लावून गाडी ढकलत होते. आजीची खोली रस्त्याकडेला आहे. दोघेही बोलत नव्हते. गल्लीत जरासा चढ आहे, तिथे गाडी अडली. आम्ही चपला घातल्या आणि गेलो. वडिलांनी मान हलवली, सर तुम्ही नको, अशी खूण केली. आम्ही तरी हात लावला. तिघांनी मिळून ती मोठ्या रस्त्यापर्यंत नेली. धाप लागली होती. मुलगा आत बसला, काच खाली करून हळूच म्हणाला, “येतो सर.” तरी त्याने चावी लगेच फिरवली नाही. उतारावर गाडी तशीच घरंगळू दिली, पार पेट्रोल पंपाच्या पुढे. मग कुठे तो आवाज आला, खर्जातला, आणि अकोला-नांदेड महामार्गाकडे ऐकू येत राहिला.